ब्रिटनीच्या हद्दी नेमक्या कुठे, आणि नाँत त्यात का नाही?

फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रदेशातल्या रेन शहरात भूगोलाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. पहिल्याच सत्रात ब्रिटनीचा प्रशासकीय नकाशा करायचा आहे, पण काही नकाशांत नाँत शहर ब्रिटनीत दिसतं आणि काहींत दिसत नाही. बरोबर कोणता? आणि प्रदेश, देपार्तमाँ, आरोंदिसमाँ, कँटन, कम्यून हे सगळं आपल्या राज्य-जिल्हा-तालुका-गाव या रचनेत कसं बसवायचं?

आधी सरळ उत्तर देतो. आजच्या ब्रिटनी प्रदेशात चार देपार्तमाँ, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखे विभाग, येतात: पश्चिमेच्या टोकाला फिनिस्तेर, उत्तरेला कोत-दार्मोर, दक्षिणेला मोर्बियाँ आणि पूर्वेला ईल-ए-व्हिलेन. त्यांची मुख्य ठाणी अनुक्रमे कँपेर, सँ-ब्रियो, वान आणि रेन. रेन हेच प्रदेशाचंही मुख्यालय. क्षेत्रफळ सुमारे २७,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अकराव्या हिश्श्याएवढं, आणि लोकसंख्या ३४ लाखांच्या आसपास. नाँत या चारांत नाही. ते ल्वार-आतलांतिक देपार्तमाँचं ठाणं आहे आणि ते देपार्तमाँ शेजारच्या पेई द ला ल्वार प्रदेशात मोडतं. पण फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतची ब्रिटनी नाँतसकट होती. त्यामुळे तुम्ही पाहिलेले दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. स्थानिक संस्थांसाठी नकाशे आणि भूमाहितीची कामं करताना मला या हद्दी रोज हाताळाव्या लागतात, आणि नव्या सहकाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की ‘हद्द कुठली?’ याच्याआधी ‘कोणत्या कामासाठी?’ हे विचारा. फ्रान्समध्ये काम बदललं की हद्दही बदलते.

आता जमीन पाहू, कारण नावं आणि सीमा दोन्ही तिच्यातून आल्या आहेत. ब्रिटनी हे द्वीपकल्प आहे. उत्तरेला इंग्लिश खाडी, दक्षिणेला बिस्केचा उपसागर, पश्चिमेला उघडा अटलांटिक. खालचा खडक म्हणजे आर्मोरिकन मासिफ, अतिप्राचीन पर्वताचा झिजून उरलेला पाया, ग्रॅनाइट आणि शिस्टचा. झीज इतकी झाली आहे की सगळ्या प्रदेशातलं सर्वांत उंच ठिकाण, फिनिस्तेरमधल्या मों दारे या डोंगररांगेतलं रोख रूझ, जेमतेम ३८५ मीटरचं आहे. तरीही त्या माळावर उभं राहिलं की चहूकडे झोंबणारा वारा आणि काळसर दलदल पाहून आपण उंच पहाडात आहोत असंच वाटतं. किनारा मात्र कमालीचा फाटलेला आहे. बेटं धरून तो सुमारे २,७०० किलोमीटर भरतो, फ्रान्सच्या मुख्य भूमीच्या एकूण किनाऱ्याच्या साधारण तिसरा हिस्सा. याचं कारण कोकणातल्या खाड्यांसारखंच आहे: समुद्राची पातळी वाढली, नद्यांच्या खोऱ्यांत पाणी शिरलं आणि भरती आत दूरवर पोचू लागली. ब्रेस्तची प्रचंड नैसर्गिक गोदी, मोर्बियाँचं बेटांनी भरलेलं आखात, उत्तरेकडची रांस नदीची खाडी हे सगळं त्यातूनच घडलं. भरती-ओहोटीचा फरक सँ-मालोच्या आसपास उधाणाच्या दिवसांत १२-१३ मीटरवर जातो. तो वापरूनच रांसच्या मुखावर १९६६ साली २४० मेगावॉटचं भरती-वीज केंद्र सुरू झालं आणि ते आजही चालतं.

पूर्व-पश्चिम फरकही लक्षात ठेवा. ब्रेस्तला वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस, रेनला जेमतेम ७००. पश्चिमेला ब्रेतों या केल्टिक भाषेचा मुलूख, तिथे गावांची नावं प्लू, लान, केर अशी सुरू होतात. पूर्वेला गालो या फ्रेंचच्या जवळच्या बोलीचा. सँ-ब्रियोच्या पश्चिमेकडून वानच्या पूर्वेपर्यंत साधारण उभी रेघ ओढली तर जुनी भाषिक सीमा मिळते. ही सीमा कोणत्याही सरकारी नकाशात नाही. तिने कोत-दार्मोर आणि मोर्बियाँ दोन्ही मधोमध चिरले आहेत.

देपार्तमाँचा जन्म १७९० चा. त्याआधी ब्रिटनी स्वतंत्र डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, होती, १५३२ मध्ये ती फ्रान्सच्या राजमुकुटाला जोडली गेली, आणि तरीही तिची स्वतःची प्रांतिक सभा आणि रेनमधलं पार्लमाँ, म्हणजे उच्च न्यायालय, क्रांतीपर्यंत टिकून होतं. धर्मप्रांत नऊ होते. ब्रिटनीच्या काळ्या-पांढऱ्या झेंड्यावरचे नऊ पट्टे त्यांचेच, आणि त्यांतला एक नाँतचा आहे. क्रांतिकारकांना प्रांतांचे जुने अभिमान आणि विशेषाधिकार पुसायचे होते. म्हणून सगळ्या देशाचे ८३ देपार्तमाँ केले आणि नावं मुद्दाम निसर्गातून उचलली: नद्या, डोंगर, किनारे. ब्रिटनीचे पाच तुकडे झाले आणि ‘ब्रिटनी’ हे नाव शासकीय नकाशावरून दीडशे वर्षं गायब झालं. ईल आणि व्हिलेन या रेनमध्ये एकमेकींना मिळणाऱ्या नद्यांवरून एकाचं नाव पडलं, बाकीच्यांना समुद्रकिनाऱ्याची, भूमीच्या टोकाची, आखाताची आणि ल्वार नदीची नावं मिळाली. कोत-दार्मोरचं मूळ नाव ‘उत्तर किनारे’ अशा अर्थाचं होतं. ‘उत्तर’ म्हटलं की बाहेरच्यांना बेल्जियमच्या सीमेवरचा थंड, कारखान्यांचा मुलूख डोळ्यांसमोर येतो, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार. १९९० मध्ये ते नाव बदललं. क्रमांक मात्र २२ च राहिला, कारण क्रमांक जुन्या वर्णानुक्रमाने दिलेले आहेत: २२, २९, ३५, ५६, आणि ल्वार-आतलांतिकचा ४४. हे पाच आकडे पाठ करून टाका. पिनकोड, विमा, गाडीची पाटी, सगळीकडे तेच भेटतात.

आता रचनेचा प्रश्न. आपल्याकडची उतरंड डोक्यात ठेवून फ्रान्स पाहिलात तर पहिल्याच पायरीवर घोटाळा होतो, कारण प्रदेश म्हणजे आपलं राज्य नव्हे. ब्रिटनीला विधिमंडळ नाही, तिला स्वतःचे कायदे करता येत नाहीत, पोलीस नाहीत, न्यायालयं नाहीत. फ्रान्स एकात्म देश आहे. कायदा पॅरिसला होतो. प्रदेश ही एक निवडून आलेली स्थानिक संस्था आहे, जिची कामं कायद्याने वाटून दिलेली आहेत. आणि दुसरं, जे मला फार महत्त्वाचं वाटतं: प्रदेश हा देपार्तमाँचा वरिष्ठ नाही आणि देपार्तमाँ कम्यूनचा वरिष्ठ नाही. एका स्थानिक संस्थेला दुसरीवर हुकमत गाजवता येणार नाही, असं राज्यघटनेच्या कलम ७२ मध्येच लिहिलेलं आहे. रेनमधल्या प्रदेश-परिषदेचा अध्यक्ष एखाद्या खेड्याच्या महापौराला आदेश देऊ शकत नाही. म्हणून उतरंडीचं चित्र बाजूला ठेवा आणि दोन समांतर रांगा डोळ्यांसमोर आणा.

पहिली रांग केंद्र सरकारची. नेपोलियनने १८०० मध्ये प्रत्येक देपार्तमाँत प्रीफेक्ट नेमला, आणि तो आजही सरकारचा नेमलेला अधिकारी आहे. आपल्या जिल्हाधिकाऱ्याशी त्याची जवळीक सर्वांत जास्त. रेनचा प्रीफेक्ट एकाच वेळी ईल-ए-व्हिलेनचा आणि संपूर्ण ब्रिटनी प्रदेशाचाही असतो. प्रीफेक्टच्या हाताखाली आरोंदिसमाँ, जिथे उपप्रीफेक्ट बसतो. प्रांताधिकाऱ्याचा उपविभाग आठवा. ब्रिटनीत असे १५ आहेत: फिनिस्तेरमध्ये ब्रेस्त, कँपेर, मोर्ले, शातोलँ, कोत-दार्मोरमध्ये सँ-ब्रियो, दिनाँ, गँगाँ, लान्यों, ईल-ए-व्हिलेनमध्ये रेन, सँ-मालो, रदों आणि फुजेर-व्हित्रे, मोर्बियाँमध्ये वान, लोरियाँ, पोंतिव्ही. आरोंदिसमाँला निवडलेली परिषद नाही, स्वतःचा निधी नाही. ती फक्त सरकारी कारभाराची सोय. तुमचा निवास-परवाना याच रांगेतून, म्हणजे प्रीफेक्चरकडून येतो.

दुसरी रांग निवडून आलेल्या संस्थांची. प्रदेश-परिषदेत ८३ सदस्य, मुदत सहा वर्षं. तिच्याकडे लिसे म्हणजे उच्च माध्यमिक शाळांच्या इमारती, प्रादेशिक रेल्वे, गावोगावच्या बस, व्यवसाय-प्रशिक्षण, आर्थिक विकास. देपार्तमाँच्या परिषदेकडे त्याखालच्या कोलेज शाळा, देपार्तमाँचे रस्ते, आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे समाजकल्याण: वृद्धांची काळजी, अपंगांचं साहाय्य, किमान उत्पन्नाचा भत्ता. ही परिषद जिल्हा परिषदेसारखी, पण तिच्या हातातला कारभार बराच भारी. १९८२ च्या विकेंद्रीकरणाच्या कायद्याआधी देपार्तमाँचा कारभारही प्रीफेक्टच चालवायचा. त्या कायद्याने तो परिषदेच्या अध्यक्षाकडे आला, आणि थेट मतदानाने प्रदेश-परिषद निवडण्याची पहिली वेळ १९८६ मध्ये आली. म्हणजे ज्या प्रदेशाच्या हद्दीवरून एवढे वाद होतात, तो निवडून आलेली संस्था म्हणून अजून चाळिशीच्याच आसपास आहे.

कँटनवर जास्त वेळ घालवू नका. तो आज देपार्तमाँच्या परिषदेचा मतदारसंघ एवढाच उरला आहे. २०१५ पासून प्रत्येक कँटनमधून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी निवडून येते. त्या वेळी कँटनची संख्या जवळपास निम्मी झाली आणि ब्रिटनीत आता १०२ आहेत. जुन्या पुस्तकातला कँटनांचा नकाशा वापरलात तर तो आज कशाशीच जुळणार नाही.

कम्यून मात्र मनापासून समजून घ्या. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, त्यांतले बाराशेच्या आसपास ब्रिटनीत. रेन हे सव्वादोन लाख वस्तीचं शहरही कम्यून आणि समुद्रातलं दोनशे-अडीचशे माणसांचं सँ बेटही कम्यून. दोघांनाही महापौर आहे, दोघांनाही परिषद, दोघांचा कायदेशीर दर्जा सारखा. जन्म-मृत्यूची नोंद, लग्न, प्राथमिक शाळेची इमारत, बांधकामाची परवानगी हे सगळं महापौराच्या कचेरीत. फ्रेंच माणूस सरकारवर कितीही चिडलेला असो, महापौराला तो आपला मानतो, आणि म्हणूनच कम्यून विलीन करणं इतकं अवघड जातं. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत काही झाली आहेत: व्हिलेनच्या दोन काठांवरची गिप्री आणि मेसाक ही गावं २०१६ मध्ये एक कम्यून झाली.

एवढ्या लहान कम्यूनना एकेकट्याने पाणी, कचरा, बस झेपणार नाही, म्हणून त्यांचे संघ केलेले आहेत. रेन मेत्रोपोल या महानगर-संघामध्ये ४३ कम्यून, ब्रेस्त मेत्रोपोलमध्ये ८. लोरियाँ, वान, सँ-ब्रियो, कँपेर यांभोवती नागरी समूह, आणि ग्रामीण भागात कम्यूनांचे साधे समूह. माझ्या कामात हीच पातळी सर्वांत जिवंत आहे, कारण नगररचनेचे आराखडे, पाण्याचं जाळं, औद्योगिक वसाहती आता इथे ठरतात. प्रत्येक कम्यूनने कुठल्या तरी समूहात असलंच पाहिजे असा नियम आहे. एकाच कम्यूनची बेटं तेवढी त्यातून सुटली आहेत, आणि ब्रिटनीत ती तीन आहेत: वेसाँ, सँ आणि ब्रेआ.

आता नाँत. सर्वसाधारण समज असा की दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या व्हिशी सरकारने, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारने, नाँत तोडलं. अर्धी गोष्ट खरी आहे. ३० जून १९४१ च्या आदेशाने प्रादेशिक प्रीफेक्ट नेमले गेले, तेव्हा रेनखाली चारच देपार्तमाँ आले आणि नाँतचं देपार्तमाँ शेजारच्या आंजे शहरातल्या प्रीफेक्टकडे गेलं. युद्धानंतर ती रचना रद्द झाली. पण १९५० च्या दशकाच्या मध्यावर आर्थिक नियोजनासाठी नवे प्रदेश आखले गेले तेव्हाही ब्रिटनी चारचीच राहिली, आणि हा निर्णय लोकशाही प्रजासत्ताकाचा होता. कारण नियोजनाचं होतं. रेन आणि नाँत ही दोन मोठी शहरं एका प्रदेशात ठेवली तर मुख्यालय कुणाचं हा प्रश्न, आणि नाँत काढून घेतलं तर मेन-ए-ल्वार, मायेन, सार्त, व्हांदे या शेजारच्या देपार्तमाँना एकत्र बांधणारं मोठं शहरच उरत नाही. पेई द ला ल्वार हा प्रदेश नाँतभोवती रचलेला आहे. २०१५ च्या कायद्याने मुख्य भूमीवरचे २१ प्रदेश एकत्र करून १२ केले, कॉर्सिका धरून १३, पण हे दोन्ही जसेच्या तसे राहिले.

पण नाँतच्या माणसाला इतिहास कसा विसरता येईल? ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला नाँतच्या मध्यात उभा आहे, आणि दोन फ्रेंच राजांशी लग्न करावं लागलेली डचेस ॲन तिथेच जन्मली. एकत्रीकरणाच्या मागणीसाठी २०१८ पर्यंत एक लाखाहून जास्त सह्या जमल्या, आणि त्या वर्षी ल्वार-आतलांतिकच्या परिषदेने सरकारकडे सार्वमताची मागणी केली. देपार्तमाँला प्रदेश बदलण्याची एक वाट कायद्यात काही काळ होती, पण त्यासाठी स्वतःच्या आणि दोन्ही प्रदेशांच्या परिषदेत प्रत्येकी तीन पंचमांश मतं लागत. आपला सर्वांत श्रीमंत भाग सोडून द्यायला पेई द ला ल्वारची परिषद इतक्या बहुमताने तयार होईल, ही अपेक्षाच अवास्तव होती. माझं स्वतःचं मत विचाराल तर लोकांना विचारायला हवं. हद्द आखताना नियोजनाची सोय पाहिली, तिथे राहणाऱ्यांचं मत एकदाही घेतलं नाही, ही सल खरी आहे.

आणि गंमत बघा, राज्ययंत्रणेलाच सगळीकडे ही चारची हद्द मान्य नाही. रेनच्या अपील न्यायालयाच्या कक्षेत आजही पाचही देपार्तमाँ येतात, नाँतसकट. हे न्यायालय जुन्या ब्रिटनी पार्लमाँच्या इमारतीत बसतं, जी १९९४ च्या आगीनंतर पुन्हा उभी केली गेली. शिक्षणखात्याचा रेनचा अकादमी-विभाग मात्र चारचाच, आणि तुम्ही विद्यार्थी म्हणून त्याच्याच हद्दीत याल. घरभाड्याच्या मदतीचा अर्ज देपार्तमाँच्या कुटुंब-भत्ता कार्यालयाकडे. समुद्रावरचा अधिकार ब्रेस्तच्या सागरी प्रीफेक्टकडे, ज्याची हद्द मों-सँ-मिशेलच्या उपसागरापासून थेट स्पेनच्या सीमेपर्यंत जाते. पाण्याचा कारभार ल्वार-ब्रिटनी जलसंस्थेकडे, जिचं मुख्यालय दूर ओर्लेआँला आहे आणि जिच्या पोटात ल्वारचं पूर्ण खोरं येतं. पाण्याची हद्द खोऱ्याने ठरवणं योग्यच आहे. फ्रान्सची निम्म्याहून अधिक डुकरं ब्रिटनीत पाळली जातात. त्या शेतांतलं नत्र ओढ्यांतून समुद्रात उतरतं आणि सँ-ब्रियोसारख्या उथळ उपसागरांत हिरवं शेवाळ माजतं. त्या प्रश्नाचा नकाशा काढायचा तर देपार्तमाँच्या रेघा निरुपयोगी, खोऱ्यांच्या रेघा लागतात.

हे सगळं एका गावात पाहायचं असेल तर रेनहून रेल्वेने रदोंला जा. व्हिलेन इथे ऊस्त नदीला भेटते आणि नाँत-ब्रेस्त कालवा इथूनच पुढे जातो. गाव ईल-ए-व्हिलेनमध्ये, म्हणजे ब्रिटनीत. पूल ओलांडला की सँ-निकोला-द-रदों, ते ल्वार-आतलांतिकमध्ये, म्हणजे पेई द ला ल्वारमध्ये. पश्चिमेला थोडं गेलं की मोर्बियाँ. बाजार एक, दवाखाने एक, पूर आला तर दोन्ही काठ एकाच वेळी पाण्यात. म्हणून तिथल्या कम्यूनांनी तीन देपार्तमाँ आणि दोन प्रदेशांत पसरलेला एकच समूह केला. तुमच्या नकाशाला नमुनाक्षेत्र हवं असेल तर यापेक्षा चांगलं मला सुचत नाही.

भारताशी खरा धागा लोरियाँला आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी १६६६ मध्ये वसवलेलं हे बंदर. पाँडिचेरीकडे जाणारी जहाजं इथून निघायची आणि भारतातलं सुती कापड इथे उतरायचं. समोरच्या पोर-लुई गावच्या किल्ल्यात कंपनीचं संग्रहालय आहे. वेळ काढून पाहा. लोकसंख्येत हे शहर आजही वानच्या पुढे आहे, तरी प्रीफेक्चर वानलाच, जसं फिनिस्तेरमध्ये ब्रेस्त दुपटीहून मोठं असून प्रीफेक्चर कँपेरला. १७९० मध्ये बसलेली ठाणी सहसा हललेली नाहीत.

कामाच्या चार गोष्टी. कम्यून जोडताना पिनकोडचा आधार घेऊ नका; रेनला ३५०००, ३५२०० आणि ३५७०० असे तीन आहेत, आणि खेड्यांत एकच पिनकोड अनेक कम्यूनांत वाटलेला असतो. सांख्यिकी संस्थेचा पाच आकडी कोड वापरा, रेनसाठी ३५२३८. या कोडांची यादी दर वर्षी १ जानेवारीची म्हणून निघते. विलीनीकरणांमुळे लोकसंख्येचा तक्ता एका वर्षाचा आणि हद्दींची फाइल दुसऱ्या वर्षाची असली की नकाशात पांढरी भोकं पडतात, तेव्हा दोन्ही एकाच वर्षाचे घ्या. हद्दींची फाइल राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या ‘अदमिन एक्सप्रेस’मधून मोफत मिळते, आणि प्रक्षेपण लांबेर-९३, म्हणजे फ्रान्सचं अधिकृत नकाशा-प्रक्षेपण, ठेवा. मों-सँ-मिशेल चुकून ब्रिटनीत दाखवू नका, तो नॉर्मंडीत आहे. ल्वार-आतलांतिक दाखवायचा असेल तर वेगळ्या फिक्या रंगात दाखवा आणि सूचीत ‘ऐतिहासिक ब्रिटनी’ असं स्पष्ट लिहा. रेनमधले प्राध्यापक त्यावर प्रश्न विचारतीलच. तेव्हा १९४१ च्या आदेशाबरोबर १९५० च्या दशकातल्या नियोजनाचंही उत्तर तयार ठेवा.